निळा, पण हुजुरांचा

४ जुलै २०२४ च्या रात्री ऋषी सुनक यांचं सरकार कसं गडगडलं, हे इथे पुन्हा सांगत नाही. सांगण्यासारखी गोष्ट त्या पडझडीतल्या एका मतदारसंघाची आहे. हुजूर पक्षाने त्या निवडणुकीत अडीचशेच्या आसपास जागा घालवल्या आणि दुसऱ्याच्या हातून हिसकावून घेतली ती एकच, लेस्टर ईस्ट. १९८७ पासून मजूर पक्षाच्या ताब्यात असलेली ही जागा शिवानी राजा यांनी ४,४२६ मतांनी जिंकली. गीतेवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली, ती चित्रफीत आपल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरली आणि आपला अभ्यास तिथेच आटोपला.

खरी कहाणी त्याच्या वर्षभर आधीची आहे, आणि ती महापालिकेतली आहे. मे २०२३ च्या लेस्टरच्या निवडणुकीआधी मजूर पक्षाने आपल्याच १९ नगरसेवकांची तिकिटं कापली. त्यांत आशियाई वंशाचे बरेच होते. सप्टेंबर २०२२ मधल्या हिंदू-मुस्लिम तणावाच्या जखमा ओल्याच होत्या. चार वर्षांपूर्वी त्या सभागृहात भोपळाही फोडू न शकलेला हुजूर पक्ष १७ वर गेला, मजूर ५३ वरून ३१ वर आले. संसदेच्या खेपेला मजूर पक्षाचेच दोन जुने खासदार, क्लॉडिया वेब आणि गोव्याच्या घराण्यातले कीथ वाझ, वेगळे उभे राहिले आणि मतं फुटली. म्हणजे ‘हिंदू लाट’ वगैरे म्हणण्याआधी हा हिशेब मांडायला हवा. घरातल्या भांडणाने दार उघडं पडलं, हुजूर नुसते वेळेवर उंबऱ्यात उभे होते.

वेळेवर उभं राहणं हेच त्यांचं कसब. येत्या ७ मे २०२६ रोजी लंडनच्या ३२ बरोंमध्ये, म्हणजे पालिकांमध्ये, मतदान आहे, आणि या कसबाची परीक्षा हॅरोत होणार. २०२२ मध्ये लंडनमध्ये हुजुरांच्या हातून वेस्टमिन्स्टर, वँड्सवर्थ, बार्नेट असे पिढ्यान्‌पिढ्याचे गड गेले. त्याच निवडणुकीत गुजराती वस्तीच्या हॅरोत मात्र त्यांनी ५५ पैकी ३१ जागा घेऊन पालिका जिंकली. तिथले खासदार बॉब ब्लॅकमन २०२४ च्या वादळातही निम्म्याहून जास्त मतं घेऊन आले. देशभरात असा हुजूर उमेदवार दुसरा नव्हता.

यामागे तत्त्वज्ञान कमी आणि पायपीट जास्त आहे. आपल्याकडच्या गटप्रमुखाला ते काम शिकवावं लागणार नाही. वॉर्डात दारोदार फिरायचं, कोण आपला, कोण काठावरचा, कोण परका हे यादीवर टिपायचं. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर पक्षाचा निळा बिल्ला लावून बसायचं, येणाऱ्याचा यादीतला क्रमांक विचारायचा, आणि दुपारनंतर ‘आपल्या’पैकी जे आले नाहीत त्यांची दारं वाजवायची. स्थानिक निवडणुकीत तीस-चाळीस टक्के मतदान झालं तरी बरं म्हणायचं, त्यामुळे दोन गल्ल्या नीट पिंजल्या तरी वॉर्ड फिरतो. त्यात मंदिराची विश्वस्त मंडळी, नवरात्राचे आयोजक, दुकानदारांची संघटना यांच्या ओळखी असल्या की यादी आयतीच हाती येते. २०१९ मध्ये मजूर पक्षाने काश्मीरबद्दल ठराव केला, तेव्हा ‘ओव्हरसीज फ्रेंड्स ऑफ बीजेपी’ची माणसं उघडपणे हुजुरांसाठी घरोघर फिरली. पन्नाप्रमुखाची विद्या समुद्र ओलांडून गेली म्हणायची.

स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा पक्ष आणि स्थलांतरितांचीच मतं, हे कोडं आपल्याला वाटतं तितकं अवघड नाही. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाईंना ९० दिवसांत युगांडा सोडायला फर्मावलं, तेव्हा सुमारे २८ हजार माणसांना आत घेणारं सरकार एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाचं होतं. आणि ‘युगांडा अर्गस’मध्ये जाहिरात देऊन ‘लेस्टरला येऊ नका’ असं बजावणारी पालिका? मजूर पक्षाची. लोक आले ते आलेच, त्यांनी बंद पडलेल्या दुकानांची कुलपं उघडली आणि ते लेस्टर त्यांचं झालं. चार वर्षं आधी रक्ताच्या नद्यांचं भाषण करणारे इनॉक पॉवेलही हुजूरच होते, हे मात्र या आठवणीतून सोयीने गळतं.

मुंबईकरांना तर यात नवल वाटायला नको. दादाभाई सगळ्यांना आठवतात; पण १८९५ मध्ये पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधून, म्हणजे कामगारवस्तीतून, कामगार पुढाऱ्याला पाडून हुजूर पक्षातर्फे निवडून आलेले मंचरजी भावनगरीही मुंबईचेच पारशी. साम्राज्याला मान डोलावतात म्हणून इथल्या टीकाकारांनी त्यांच्या आडनावाची ‘बो अँड अग्री’ अशी थट्टा केली. १९०६ मध्ये ते हरले, आणि त्यानंतर आशियाई वंशाचा हुजूर खासदार दिसायला १९९२ साल उजाडलं.

आता मला खुपणारी गोष्ट. महाराष्ट्रात निळा म्हटलं की बाबासाहेबांचा झेंडा आठवतो. हॅरोतला निळा वेगळा आहे, आणि हे दोन निळे एकमेकांसमोर उभेही राहिले आहेत. २०१३ मध्ये ब्रिटिश संसदेने समता कायद्यात जातीय भेदभावाचा समावेश करणं सरकारवर बंधनकारक केलं. आंबेडकरी आणि रविदासी संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडून ते मिळवलं होतं. अनेक हिंदू संघटनांनी विरोध केला, ब्लॅकमन यांनी तो संसदेत नेटाने मांडला. २०१७ च्या जनमत चाचपणीत १६ हजारांहून अधिक उत्तरं आली. २०१८ मध्ये हुजूर सरकारने न्यायालयाचे निकालच पुरेसे आहेत असं सांगून माघार घेतली. २०२० मध्ये ब्लॅकमन यांना पद्मश्री मिळाली. (शेजारच्या मतदारसंघातले मजूर पक्षाचे बॅरी गार्डिनर यांनाही त्याच वर्षी मिळाली, म्हणजे दिल्लीने दोन्ही हातांनी वाटलं.)

‘समाज आमच्याबरोबर आहे’ असं पक्ष म्हणतो तेव्हा तो समाज कोण, हे विचारायला हवं. देवळाची कमिटी म्हणजे समाज नव्हे. जो कमिटीत नाही, ज्याला कमिटीत कधी घेतलंच नाही, त्याचं नाव मतदारयादीत असतं, पण बिल्लेवाल्यांच्या यादीत नसतं. मजूर पक्षानेही हेच केलं होतं. फक्त त्यांची कमिटी वेगळी होती, आणि मतं वडिलोपार्जित आहेत अशा भ्रमात राहून त्यांनी ती गमावली. हुजुरांची पाळीही येईल. नायजल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने मे २०२५ मध्ये ६७७ जागा घेतल्यापासून हुजुरांना एकीकडे स्थलांतराविरुद्ध आवाज चढवावा लागतोय आणि दुसरीकडे हॅरोत दिवाळीच्या शुभेच्छा द्याव्या लागतायत. स्थायिक होण्यासाठी पाचऐवजी दहा वर्षं थांबायला लावा, ही मागणी हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये केलीच आहे.

ज्यांना ही दहा वर्षं लागणार, त्यांच्या हाती मत आहे, हे आपल्या फारच थोड्या लोकांना माहीत असतं. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे मतदान करता येतं. विद्यार्थी व्हिसावरच्या पुणेकरालासुद्धा, पालिकेसाठी आणि संसदेसाठीही. तुमचा भाचा, पुतणी, शेजारचा मुलगा तिकडे असेल तर त्यांना फोन करा. ७ मे साठी नाव नोंदवायची शेवटची तारीख २० एप्रिल आहे आणि ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. मत कुणाला द्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे, पण दार वाजवणाऱ्या बिल्लेवाल्याला, मग बिल्ला कुठल्याही रंगाचा असो, जातीच्या कायद्याचं पुढे काय झालं, एवढं तरी विचारायला सांगा.