आधी विचार, मग बांध

जानेफळसारख्या गावात शेताची वाटणी करताना आधी विहीर कुणाकडे, वाट कुठून, हे पाहतात. बांध मागाहून पडतो. मित्रहो, युनिक्सच्या घराण्यातली लिनक्स प्रणाली संगणकात बसवताना हार्डडिस्कची वाटणीही तशीच करावी. पडलेला बांध सरकवणे इथेही जोखमीचेच.

घरगुती वापराला मुख्य तीन वाटे पुरेत. प्रणालीचा वाटा म्हणजे ‘रूट’. त्याला ४० ते ५० जीबी द्यावेत. कंजुषी केली तर पुढे अपडेट अडतात. दुसरा ‘स्वॅप’, रॅम अपुरी पडली तर आधाराला. संगणक हायबरनेट करायचा असेल तर तो निदान रॅमइतका हवा. उरलेली जागा ‘होम’ची. नव्या यंत्रांत संगणक सुरू होण्यासाठी ‘ईएफआय’ नावाचा छोटा वाटाही लागतो.

माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याचा जीव ‘होम’मध्ये. ते वेगळे असले की प्रणाली बिघडली तरी फक्त रूट पुसून ती नव्याने बसवता येते. कविता, फोटो, हिशेब जागच्या जागी राहतात. मात्र त्या वेळी ‘होम’ फॉरमॅट करू नये.

आणि वाटे कितीही पाडले तरी डिस्क एकच. ती निकामी झाली तर सगळेच जाते. म्हणून पेरणीचे बी वेगळे काढून ठेवतात, तशी लेखनाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असू द्यावी.