फडक्याची दशा पालटते

दिवाळीची साफसफाई म्हटली की डबे घासले जातात, फळ्यांवरचे कागद बदलतात, पडदे धुऊन निघतात. ओट्याजवळच्या खिळ्यावर लोंबणारे फडके मात्र तेच राहते. जुन्या परकराचे, नाही तर विटक्या टॉवेलाचे. चौकोन म्हणावे तर तीन कोपऱ्यांचे! एखादी पाहुणी हात धुऊन मागे वळली की आपण लगबगीने कपाटातला कोरा नॅपकिन काढून देतो, आणि तो बेटा आपल्या खळीमुळे पाणी टिपायचे सोडून हातभर पसरवतो.

मैत्रिणींनो, ओट्याजवळ टांगलेले फडके देखणेही असावे आणि पाणीही टिपावे, यासाठी शिवणयंत्र लागत नाही. सुईदोरासुद्धा लागत नाही. लागतो एक सुती पंचा.

पंचाच का? एक तर त्याची वीण सैल असते, म्हणून तो पाणी चटकन पितो आणि धागेही सहज निघतात. दुसरे असे, की त्याच्या दोन्ही बाजूंना विणतानाच किनार आलेली असते. पावणेदोन-दोन मीटर लांबीच्या पंच्याचे आडवे तीन तुकडे केले, की प्रत्येक तुकड्याच्या दोन बाजू आयत्याच पक्क्या मिळतात. कापलेल्या दोन कडांचाच काय तो बंदोबस्त करायचा. सोलापुरी टेरी टॉवेल अंग पुसायला कितीही गुणी असला, तरी या कामाला नको. धागा ओढला की त्याचे फासे सुटू लागतात.

कापड निव्वळ सुती आहे ना, याची शंका असेल तर त्याचा एक धागा चिमट्यात धरून मोरीवर पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटाने चुरगळणारी राख होते. पॉलिएस्टर वितळून आक्रसते आणि त्याची कडक गुठळी बनते. असले कापड पाणी पीत नाहीच, शिवाय गरम भांड्याशी त्याची गाठ पडू नये. पंचा पसंत पडला, की कापण्याआधी गरम पाण्यात साबणाने धुऊन वाळवा. खळ निघेल, आणि जे काय आटायचे ते आधीच आटेल.

आता कृती. जिथे कापायचे तिथला एक आडवा धागा ओढून काढा. कापडावर एक विरळ रेघ उमटते. तिच्यावरून कात्री चालवली की कड सरळ येते. मग त्या कडेचे आडवे धागे एकेक करून काढत जा, चार बोटे रुंदीपर्यंत. जे उभे धागे मोकळे लोंबतील त्या दशा. उपरण्याला, धोतराला असतात त्याच. आपल्या भाषेत दशा म्हणजे ग्रहांची आणि कापडाचीही. फडक्याची पालटायची ती हीच!

नखाएवढ्या रुंदीचे धागे एका जुडीत घेऊन, पाण्याच्या बोटाने ओलावून, गाठ मारायची. गाठ आवळण्यापूर्वी तिच्यात केसांचा आकडा घालून ती विणीला भिडेपर्यंत वर सरकवा. या गाठीनेच पुढचे उसवणे थांबते, म्हणून ती ढिली राहता कामा नये. 70 सेंटिमीटरच्या कडेला साधारण 70 गाठी होतात. हौस असेल तर दुसरी ओळ करावी : एका जुडीतले अर्धे धागे आणि शेजारणीतले अर्धे एकत्र घेऊन, अर्ध्या काडेपेटीच्या काडीएवढे अंतर सोडून गाठ. पाहता पाहता जाळी तयार होते. कुंड्या टांगायला आपण जे मॅक्रम करतो, त्याचे नाव तुर्की भाषेतल्या रुमाल-टॉवेलाच्या शब्दावरून आले असे सांगतात. म्हणजे ही विद्या मुळात फडक्याचीच! कोपऱ्यातल्या दोन जुड्यांची वेणी घालून टोके एकत्र बांधली की टांगायला फासाही होतो.

हा सगळा खटाटोप मी शोधला तो आमच्या आत्याबाईंसाठी. यजमानांच्या आत्या, वय 81. भरतकाम, क्रोशा, तोरणे यांत त्यांचा हात धरणारे नात्यात कोणी नव्हते. पण डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने नजरेच्या नेमक्या मधोमध अंधार आला. घरात हिंडताफिरता येते, सुईचे नेढे मात्र दिसत नाही. आम्ही सगळेच म्हणत असू, "आता कशाला दगदग?" आणि त्या मांडीवर हात ठेवून बसून राहत. वाती वळायच्या, पण देवाला रोज लागतात दोन.

"आत्याबाई, एवढे धागे ओढून देता का?" असे म्हणून एक दिवस पंचा त्यांच्या पुढ्यात ठेवला. पहिला धागा तुटला. दुसऱ्याला त्यांनी वरून न पाहता बोटाने चाचपून पकडले आणि थेट टोकापर्यंत काढले. पहिल्या दुपारी 9 गाठी झाल्या. चौथ्या दुपारी एक कड पुरी. मग माझ्या लेकीने केलेल्या कडेवरून बोट फिरवून म्हणाल्या, "अगं, इथे जुडी बारीक झाली. सोड आणि पुन्हा मार." तिने मोजून पाहिले, खरेच बारीक होती! पुढे गाठीऐवजी पीळ ही त्यांचीच युक्ती. दोन जुड्या एकाच दिशेने वातीसारख्या वळायच्या, मग एकत्र धरून उलट दिशेने वळू द्यायच्या. टोकाला गाठ मारली की पीळ सुटत नाही.

पीळ नि गाठी नकोत अशांसाठी भेंडीचा ठसा आहे. जाडसर भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल आयतेच मिळते. कापडावरचा रंग स्पंजने तिला लावून किनारीलगत ठसे उमटवा, दिवसभर वाळू द्या आणि उलट बाजूने इस्त्री फिरवा. ठशाची भेंडी भाजीत जाऊ देऊ नका, हे सांगायला नकोच. रंग बसतो तिथे कापड पाणी कमी टिपते. म्हणून मधला भाग कोराच बरा. हळदीने रंगवण्याचा मोह टाळा : साबण लागला की लाल होते आणि उन्हात उडून जाते. इस्त्रीने चिकटणारी जाळीदार पट्टी बाजारात मिळते, तिने चिटाची फुले कापून चिकटवता येतात. मला ती फारशी आवडत नाही. कापड पुठ्ठ्यासारखे होते.

दशांचे फडके शेगडीपासून दूर, मोरीच्या बाजूलाच टांगा, आणि त्याने गरम पातेले उतरवू नका. लोंबता धागा पेटायला वेळ लागत नाही. यंत्रात धुताना जाळीच्या पिशवीत घाला. कापड मऊ करणारे द्रावण घालू नका, त्याने पुन्हा पाणी टिपेनासे होते.

यंदाच्या भाऊबीजेला आत्याबाई आपल्या भावाकडे 6 फडकी नेणार आहेत. चार झाली; उरलेल्या दोहोंसाठी काल आणखी एक पंचा धुऊन वाळत घातला आहे.