भोसल्यांचा ठेवा: भाम ते लंडन

नागपूरकर भोसल्यांचे आधीचे ठाणे नागपूर नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातले भाम. सेनासाहेब सुभा कान्होजी भोसले तिथे राहत. पुतण्या रघुजींनी त्यांचा वणीजवळ पाडाव केला.

पुढे 1854 मध्ये कंपनी सरकारने भोसल्यांचे नागपूरचे राज्य खालसा केले. मग हत्ती, घोडे, इतकेच काय बैलही लिलावात निघाले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेले. राण्यांचा आक्षेप कोण ऐकतो!

रघुजींची तलवार मात्र एप्रिल 2025 मध्ये लंडनला सदबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात दिसली. पाते युरोपीय बनावटीचे, त्यावर रघुजींचे नाव देवनागरीत. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे 47.15 लाख रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली; आता मालकी घराण्याची नव्हे, शासनाची.