तलाव बांधणाऱ्यांची दूरदृष्टी

“सर, शाश्वत विकास म्हणजे नेमके काय?” आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारले. मी पुस्तकातली व्याख्या सांगितली, पण ती तिच्यापर्यंत पोहोचली नाही. मग मीच विचारले, “तुझ्या नानीच्या गावाला तलाव आहे का?” तिच्याबरोबर अर्ध्या वर्गाने हात वर केले. भंडारा हा तलावांचा जिल्हा. आमचा धडा गावातच होता.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी, गोंड राजांच्या काळात, कोहळी समाजाच्या जाणकारांनी या भागात तलाव उभे केले. जमिनीचा उतार पाहून मातीची पाळ घालायची आणि वरचा तलाव भरला की पाणी खालच्या तलावात उतरेल अशी साखळी करायची. पावसाने ओढ दिली तरी निसवणीला आलेले धान वाचावे, हा हेतू. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांकडे गेले, म्हणून ते माजी मालगुजारी, म्हणजे आपले ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात त्यांची संख्या 6000 वर आहे.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जुलमी पद्धत गेली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर पाळ दुरुस्त करण्याची, गाळ काढण्याची गावाची सवयही सुटली. सिंचन एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसरीकडे, आणि तलाव कोणाचाच नाही! गाळ साचला, बेशरम माजली, स्थानिक मासे कमी झाले. सर्वांत मोठा फटका बसला तो मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांना.

वाट त्यांच्यातूनच निघाली. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांचे पिढीजात ज्ञान आणि अभ्यासकांचे शास्त्र एकत्र आणले. 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या, आज गोंदियात असलेल्या जांभोऱ्यासारख्या गावांत लोकांनी बेशरम उपटली. उन्हाळ्यात तळ उघडा पडल्यावर तो नांगरून त्यात माशांना खाद्य व आसरा देणाऱ्या पाणवनस्पती लावल्या. या कामात बायका पुढे होत्या. हळूहळू स्थानिक मासे परतले, पाठोपाठ पक्षीही.

2015 साली संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंतची 17 उद्दिष्टे ठरवली. त्यांतले सतरावे आहे भागीदारी. शेतकरी, मच्छीमार, अभ्यासक, ग्रामपंचायत आणि सरकारी खाते एका पाळीवर बसले, तर तीच ती भागीदारी.

आपण काय करावे? आपल्या गावातला तलाव कोणत्या खात्याकडे आहे, गाळ शेवटचा कधी काढला, हे ग्रामसभेत विचारावे. कचरा आणि सांडपाणी तलावात जाऊ देऊ नये. मुलांना एकदा पाळीवर न्यावे, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलते करावे. वजू करताना नळ बारीक ठेवायला आपण घरात शिकवतोच. ते पाणी येते कुठून, हेही दाखवावे.

ज्यांनी पाळ घातली त्यांनी आपल्याला पाहिलेले नव्हते. तरी आपल्या धानाची काळजी त्यांनी केली.