गाण्याचा चेहरा, गायकाचा नव्हे

नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावहून रेल्वेने भुसावळच्या बाजूला निघालं की पिंपरखेड, न्यायडोंगरी, रोहिणी, हिरापूर आणि मग चाळीसगाव. अंतर चाळीसेक किलोमीटर. अल्बमच्या कव्हरवरचं छायाचित्र कसं सुचतं हे समजून घ्यायला लोक लंडनकडे बघतात. आपल्याकडच्या माणसाने आधी या चार स्टेशनांपलीकडे बघावं.

चाळीसगावात केकी मूस राहत. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईचा. विलायतेत छायाचित्रण शिकून आलेले हे पारशी गृहस्थ ३१ डिसेंबर १९८९ ला गेले, तोवर घराबाहेर क्वचितच पडले. पंजाब मेलने येईन म्हणालेल्या प्रेयसीसाठी ते गाडीच्या वेळी रात्री दार उघडं ठेवत, असं सांगतात. गोष्ट छान आहे. पण चाळीसगावला गेलेला प्रत्येक जण तीच घेऊन परततो आणि कामाबद्दल कोणी बोलत नाही, याचा मला राग येतो.

त्यांचं नाव झालं ते टेबल-टॉप छायाचित्रणासाठी. टेबलावर चार वस्तू मांडून त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं. या प्रकारात मिठाचा बर्फ होतो, काटकीचं झाड होतं. खुबी कॅमेऱ्याच्या उंचीत असते. भिंग टेबलाच्या पातळीला आणलं की कड दिसेनाशी होते आणि मागचा कागद आकाश होतो. उजेड एकाच बाजूने, खालून सरपटत यावा, म्हणजे सावल्या लांबतात. वस्तू इतक्या जवळ असल्या की जवळचं स्पष्ट आणि लांबचं धूसर होतं आणि लबाडी उघडी पडते. म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक ठेवून उजेड बराच वेळ आत घ्यायचा. टेबलावर हलणारं काही नसतं, घाई कसली?

मूस यांनी कव्हरं केली असा माझा दावा नाही. पण कव्हरला जी बुद्धी लागते, ती हीच.

तबकड्या पूर्वी साध्या कागदी वेष्टनात विकल्या जात. १९४० च्या सुमारास कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी त्यावर चित्रं आणली. पुढे लंडनच्या हिप्नोसिस या कव्हरं करणाऱ्या मंडळींनी छायाचित्रातून कल्पनाच मांडायला सुरुवात केली. पिंक फ्लॉइड या रॉक गटाच्या १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’साठी हस्तांदोलन करणाऱ्या दोघांपैकी एकाला खरोखर पेटवलं, वारा फिरला आणि त्या स्टंटमनची मिशी होरपळली. १९८७ मध्ये पिंक फ्लॉइडच्याच अल्बमसाठी, पूर्वी हिप्नोसिसमध्ये असलेल्या स्टॉर्म थॉर्गरसन यांनी डेव्हनच्या किनाऱ्यावर शेकडो लोखंडी खाटा मांडल्या. पाऊस आला, सगळं पुन्हा करावं लागलं. गायकाचा चेहरा यांपैकी कुठल्याच कव्हरवर नाही. आपल्याकडे बहुतेक कव्हरांवर तो असतोच, वर हात जोडलेले.

खाटांचा खर्च आपल्याला झेपणार नाही. टेबल मात्र घरोघरी आहे, आणि नांदगावात मांडायला वस्तूही आहेत. कांदा खुडणाऱ्या बायांच्या गाण्यांचा अल्बम समजा. कांद्याचे सुके पापुद्रे ढीग करून मांडावेत, कडेने विजेरी धरावी. तांबूस डोंगररांग तयार. सासरी निघालेल्या मुलीची गाणी असतील तर टेबल सोडून मे महिन्यात गिरणा धरणाकडे जावं: भेगाळलेला गाळ, त्यावर रुखवताची एकच पत्र्याची पेटी, माणूस कोणी नको.

कठीण काम कानबाई या देवीच्या गाण्यांचं. नांदगाव तालुक्याच्या खानदेशाकडच्या गावांत श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई नारळाच्या रूपात बसते, रात्रभर अहिराणी गाणी होतात, सोमवारी विसर्जन. सजवलेल्या देवीचा फोटो कोणीही काढील. मी सोमवारी दुपारी काढीन: रिकामा चौरंग, त्यावर नारळाएवढी गोल मोकळी जागा, भोवती सांडलेलं हळदकुंकू. रात्रभर गाणं झालंय हे त्यावरून कळतं.

हीच चौकट निवडण्यामागे एक व्यवहारही आहे. एलपीच्या कव्हराला बारा इंचांचा चौरस मिळायचा, कॅसेटला तळहातापेक्षा लहान कागद, आणि आता फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं चित्र. तिथे रांगोळी, समई, वीस बायका काहीच ओळखू येत नाही. एक गोल आणि भोवती लाल-पिवळं तेवढं ओळखू येतं. नाव वरच्या अंधाऱ्या भिंतीवर बसतं. गायिकेचा फोटो मागच्या बाजूला टाकू, अशी समजूत पूर्वी निर्मात्याची घालता यायची. फोनवर मागची बाजूच नसते, त्यामुळे निर्माता चेहऱ्याचा हट्ट धरणारच.