भात कापले की उंदीर घरात



उरणच्या खाडीकाठी खारजमिनीत पावसाळी भात घेतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की चारा आणि आडोसा दोन्ही जातात, आणि बांधातले उंदीर वस्तीकडे वळतात. आपल्याकडे उसाचा फड तुटला की नेमके हेच होते. तेव्हा बंदोबस्त तोडणीच्या आधी करावा. उंदरामागे साप येतो, हे वेगळे सांगायला नको.

दाराखाली, मोरीच्या तोंडाशी, वाशांच्या टोकाशी फटी बघा. करंगळी शिरेल एवढी फट पिलाला पुरते. चिंध्या कोंबू नका, त्या तो कुरतडतो. सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून फट बुजवा. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळीवर ठेवा.

पिंजऱ्याचे दार पहिले २ दिवस उघडे बांधून आत नुसती भाकरी ठेवा. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो.

झिंक फॉस्फाईड मात्र घरात वापरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोटात त्याचा विषारी वायू होतो, त्यावर उतारा नाही, आणि तेलात कालवलेले आमिष पोराला खाऊच वाटते. ते शेतातल्या चालू बिळांपुरतेच. संध्याकाळी सगळी बिळे लिंपा. सकाळी उकरलेली दिसतील ती चालू समजा.