झाशीच्या वाटेवरची रात्र

१८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीला पोहोचले, ते मजल दरमजल करीत. पुढे १८८९ मध्ये झाशीला आगगाडी आली आणि यथावकाश मुंबईहून झाशी एका रात्रीच्या अंतरावर आली. ही एक रात्र कशी काढायची, हे मात्र ज्याच्या त्याच्या तिकिटावर अवलंबून असे.

१९१२ पासून धावणारी पंजाब मेल झाशीमार्गे पेशावरला जाई. ती मुख्यतः साहेबलोकांची गाडी. वरच्या वर्गांत ऐसपैस शय्या असे. तिसऱ्या वर्गाला तीत प्रवेश मिळाला तो १९३० नंतर, आणि त्याच्या वाट्याला आले लाकडी बाक. अमेरिकेत पुलमनच्या डब्यांत नोकर बिछाना घालून देत. आपल्याकडे वळकटी ज्याची त्याने न्यावी, अशीच रीत.

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्गालाही शयनयान मिळाले. त्यातली मधली फळी मोठी युक्तीची. दिवसा ती पाठ टेकण्यास खाली असते. रात्री वर उचलून साखळ्यांना अडकविली की तिचीच शय्या होते. खालच्याला बसायचे असले तर मधल्याला निजता येत नाही, ही गोष्ट निराळी!

१९७४ मध्ये ‘तिसरा वर्ग’ हे नाव गेले, लाकूड राहिले. राजापूरहून निवडून आलेले प्राध्यापक मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या या फळ्यांवर २ इंच जाडीचा फोम बसविण्याचे ठरविले. मग झाशीच्या मराठी बिऱ्हाडांतून मुंबईकडे निघणाऱ्या वळकटीतली गादी घरी ठेवणे शक्य झाले. चादर मात्र या वर्गात बहुतेक गाड्यांत आजही आपली आपणच न्यावी लागते.